तक्रार निवारण अधिकारी सासूबाई

सरकारचा मेल आला तेव्हा बाळाच्या आईच्या एका हातात बाळाचे दोन्ही पाय होते, दुसऱ्या हातात ओला लंगोट होता आणि दातांत सेफ्टी पिन होती. अशा अवस्थेत माणसाला सरकारशी नीट बोलता येत नाही. किंबहुना सरकारला आपली माणसं याच अवस्थेत जास्त आवडत असावीत. हात गुंतलेले, तोंड बंद.

फोन उशीवर पडला होता. तिने मान वाकडी करून वाचलं. "आपण डिजिटल वृत्त व चालू घडामोडी प्रकाशक असल्याचे निदर्शनास आले आहे."

तोंडातली पिन गादीवर पडली. बाळाला वाटलं ही आपल्यासाठी केलेली गंमत आहे, म्हणून ते खळखळून हसलं आणि त्याच आनंदात त्याने नवा लंगोटही ओला केला.

आता ही बाई प्रकाशक कशी झाली ते सांगायला हवं. बाळ दुपारी झोपायचं. झोपायचं म्हणजे, दार वाजलं नाही, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली नाही आणि ग्रहमान अनुकूल असलं तर झोपायचं. तेवढ्या वेळात भांडी घासावीत, केस विंचरावेत की आपणही लवंडावं, असे तीन सुज्ञ पर्याय सोडून ती लिहीत बसायची. इंटरनेटवर तिने एक पान उघडलं होतं, त्याचं नाव 'झोपलं का?' कारण आयांच्या जगात एकमेकींना विचारायचा पहिला प्रश्न तोच असतो. त्या पानावर खळबळजनक वृत्तं असायची. बाळाला आज स्वतःच्या पायाचा अंगठा सापडला. बाळाने आजोबांच्या फोटोकडे बघून भुवया उडवल्या. वाचक म्हणजे वस्तीतल्या पन्नासएक आया, एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने वाचणाऱ्या. दिवसभर ती कुणाची तरी कुणीतरी असायची. त्या तेवढ्या वेळात मात्र ती तिची असायची. बस्स, एवढाच धंदा.

मग बाळाचं पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाकडे न बघता आईकडे बघत विचारलं, "पाणी कुठलं वापरता?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिल्यांदा नळाकडे नीट बघितलं. पाणी पिवळं होतं. पिवळसर नाही, पिवळं. दुपारी तिने पानावर लिहिलं, "आज आमच्या नळाचं पाणी पिवळं आहे. त्यात दूध कालवू नका, बाटल्या धुऊ नका, आधीचं साठवलेलं वापरा." खाली लगेच उत्तरं आली. "आमच्याकडे चहाच्या रंगाचं आलंय, नुसतं पत्ती टाकायचं राहिलंय." "आमच्याकडे पांढरं आहे, पण वास येतोय." त्या दिवसापासून पान रोज सकाळी पाण्यानेच उघडायचं आणि दूध कालवण्याआधी वस्तीतल्या आया एकदा ते बघून घ्यायच्या. पाणीखात्याच्या फलकावर मात्र कित्येक महिने एकच वाक्य होतं, "पाणी शुद्ध व पिण्यायोग्य आहे." तो फलकही पिवळा पडला होता.

तर मेल असा होता. पाणी ही 'चालू घडामोड'. सबब, पान हे वृत्तपत्र. सबब, नोंदणी करा, संपादक दाखवा, कार्यालय दाखवा, तक्रार निवारण अधिकारी नेमा, दरमहा अहवाल द्या. नाहीतर कारवाई.

"चालू घडामोड?" संध्याकाळी घरी आलेला बाळाचा बाबा बूट काढता काढता म्हणाला. "आपला नळ चालू असतो का कधी?"

स्वतःच्या विनोदावर तो जरा हसला. मग 'कारवाई' या शब्दापाशी पोचला आणि हसू आवरून म्हणाला, "बंद करून टाक ना. कशाला पाहिजे झंझट?"

"बाळाला दूध कालवायला पाणी कुठलं घ्यायचं, ते सांगायचं बंद करू?"

"तसं नाही गं. तोंडी सांग. फोनवर सांग. लिहायला कशाला हवं? लिहिलं की दिसतं."

काही नवरे दुष्ट असतात, त्यांच्याशी भांडता येतं. बाळाचा बाबा चांगला होता, त्यामुळे पंचाईत व्हायची. तिने पोळपाट ओट्यावर असा काही ठेवला की बाळ झोपेत दचकलं.

बातमी शेजारी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या, त्यांना सगळी इमारत बातमीमावशी म्हणत असे. खरं तर नोंदणी कुणाची व्हायला हवी होती तर या मावशींची. खप प्रचंड, संपादक नाही, आणि चूक दुरुस्त करण्याची पद्धतच नाही. त्या आल्या, बाळाच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या शेजारच्या मुलाने असंच काहीतरी लिहिलं होतं. पुढे काय झालं विचारू नकोस."

"काय झालं?"

"मलाही सांगितलं नाही कुणी. म्हणजे बघ, किती भयंकर असेल!"

तळमजल्यावरच्या वकीलकाकांनी वेगळाच सल्ला दिला. त्यांनी उमेदीत फक्त भाडेकरूंचे खटले चालवले होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाकडे ते घरमालक-भाडेकरू म्हणूनच बघत. "हे बघ पोरी, इंटरनेट म्हणजे कुणाच्या बापाची जागा नाही. तू तिथे आधीपासून राहतेस. ताबा सोडू नकोस. एकदा पाय बाहेर काढलास की संपलं."

मूर्खपणाचा होता, पण तिला मिळालेला हा सगळ्यात बरा सल्ला होता.

दुसऱ्या दिवशी बाळाला छातीशी बांधून ती सरकारी कार्यालयात गेली. तळमजल्यावर 'वृत्तपत्रे' अशी खिडकी होती. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने विचारलं, "कागद कुठला वापरता?"

"कागद नाही. इंटरनेट आहे."

"मग वर."

लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती. ती पाटीच इतकी जुनी होती की आता कुणी लिफ्ट दुरुस्त केली असती तर इमारतीचा ऐतिहासिक ठेवा गेला असता. जिने चढून ती वर पोचली तेव्हा आतल्या साहेबांसमोर संगणक होता आणि संगणकावर कापडी झाकण होतं. सगळ्या इंटरनेटची देखरेख करणारा संगणक धुळीला भितो, हे बघून तिला क्षणभर धीर आला.

"संपादक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"तसं नाही हो. मुख्य संपादक."

"त्यासुद्धा मीच."

"मालक?"

"मीच."

"मिस्टर काय करतात?"

"विमा कंपनीत आहेत. पानावर त्यांचा फक्त एक फोटो आहे, तोही पाठमोरा."

साहेबांनी मान हलवली, जणू काही सगळ्या गैरव्यवहाराचा उलगडा झाला. "कार्यालयाचा पत्ता?"

"घरचाच. स्वयंपाकघर."

"स्वयंपाकघर लिहिता येत नाही. 'विभाग' लिहा." मग ते खुर्चीत रेलून, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, "बाई, आमचं काही म्हणणं नाही. लिहा ना! खूप लिहा. इंटरनेट खुलंच आहे. फक्त कोण लिहितंय, कुठून लिहितंय, का लिहितंय आणि कुणाला वाईट वाटलं तर काय करणार, एवढं आधी सांगा."

"पाणी पिवळं आहे, हे वाचून कुणाला वाईट वाटलं?"

"ते गोपनीय आहे."

इथे बाळाने भोकाड पसरलं. बाळाचं रडणं हे प्रकाशन आहे की प्रसारण, यावर नियमात काही नव्हतं. साहेबांनी कानावर हात ठेवून भराभर सांगून टाकलं. तक्रार आली की ती पहिल्यांदा प्रकाशकाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ऐकायची, तिथे समाधान झालं नाही तर वर, आणि तिथेही नाही झालं तर अजून वर. "आणि लक्षात ठेवा, तो अधिकारी म्हणजे तुम्ही नाही चालणार. दुसरं माणूस हवं. तक्रारींचा अनुभव असलेलं."

जिना उतरताना तिच्या पावलांना एकाएकी ब्रेक लागला. तक्रारींचा अनुभव असलेलं माणूस. ते तर घरातच होतं.

सासूबाई निवृत्त होईपर्यंत टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसत. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकही तक्रार त्या खिडकीतून आत गेली नव्हती, अशी त्यांची ख्याती होती. माणूस कितीही तावातावाने आलेला असो, सासूबाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत, अर्ज उलटा करत, मग सुलटा करत आणि म्हणत, "उद्या या." आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. नुसतं "उद्या या." लोक दमायचे. काही जणांनी फोनच परत केले. खात्याने निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं आणि साहेब म्हणाले, "बाई नसत्या तर आम्हाला कामं करावी लागली असती."

घरी आल्यावर मात्र ती खिडकी गेली आणि तक्रारी राहिल्या. बाळाला टोपी नाही. भाजीत मीठ आहे की नाही कळत नाही, म्हणजे नाहीच. आणि सगळ्यात मोठा नियम: बाळाचे लंगोट रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घालायचे नाहीत. "चारचौघांत लंगोट दाखवणारं आपलं घर नव्हे." लंगोट न्हाणीघरात दोरीवर दमट वाळायचे, आणि घराला कायम एक वास असायचा, ज्याची तक्रार पुन्हा सासूबाईच करायच्या.

"आई, तुम्ही आमच्या तक्रार निवारण अधिकारी व्हाल का?" तिने चहा देता देता विचारलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. पदर सारखा केला. "पद लेखी हवं," त्या म्हणाल्या.

इथून पुढे जे झालं त्याला आगीतून फुफाट्यात असं म्हणतात, पण त्या म्हणीतल्या फुफाट्यात निदान सासू नव्हती. सासूबाईंनी दारावर पाटी लावली: 'तक्रार निवारण अधिकारी. भेटण्याची वेळ चार ते पाच.' जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं. आणि लोक आले! इंटरनेट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नव्हतं तेही आले. कुणाच्या गाडीची जागा कुणी बळकावलेली, कुणाचा कुत्रा रात्रभर भुंकणारा. बातमीमावशी आपल्या सुनेची तक्रार घेऊन आल्या आणि थोड्या वेळाने ती सून मावशींची तक्रार घेऊन आली. सासूबाईंनी दोघींचे अर्ज उलटे केले, सुलटे केले आणि दोघींना म्हणाल्या, "उद्या या." सासूबाईंच्या गालांवर कित्येक वर्षांनी रंग आला होता.

पण हक्काची, रोजची तक्रारदार एकच होती. ती म्हणजे त्या स्वतः. सकाळी त्या पान वाचत आणि चार वाजता बाळाच्या आईला समोर बसवत.

"मंगळवारच्या लेखात बाळाचा फोटो आहे. त्यात बाळाच्या डोक्यावर टोपी नाही. खुलासा?"

"आई, उकडत होतं."

"लेखी."

मग पुढचा मुद्दा. "आणि 'घरात कुणी मदतीला नसताना' असं लिहिलंयस. मी काय मेले होते?"

"तुम्ही बातमीमावशींकडे गेला होतात."

"लेखी दे."

म्हणजे बघा. एका आईने दूध कशात कालवायचं ते लिहिलं, म्हणून तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या सासूला, स्वतःच्या बाळाच्या टोपीबद्दल लेखी खुलासा द्यावा लागत होता. बाळ झोपायचं तेवढा वेळ आता खुलाशांत जायचा. पाण्याच्या दोन ओळी कशाबशा लिहून व्हायच्या. बाळाने पहिल्यांदा 'मं' म्हटलं, त्या दिवशी ती मासिक अहवालाचा तक्ता भरत होती. 'प्राप्त तक्रारी: बावीस. पैकी टोपीविषयक: एकोणीस.' बाळ पुन्हा म्हणालं, "मं." तिने मान वर केली तेव्हा ते दुसरीकडे बघत होतं.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरा राग आला. आतापर्यंतचा राग म्हणजे नुसता वैताग होता. मोजे सापडत नाहीत तेव्हा येतो तसला. हा वेगळा होता. आपल्याला गप्प कुणीच केलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. 'लिहा ना, खूप लिहा' असंच सगळे म्हणतायत. फक्त लिहिण्याच्या वाटेवर एवढे दगड टाकलेत की एके दिवशी बाईने आपणहून म्हणावं, जाऊ दे. आणि मग कुणी सांगायला मोकळं, की बघा, आम्ही कुठे बंद केलं? त्यांनीच सोडलं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर पावती.

ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. म्हणून मग पुढची पायरी आली.

एका सकाळी पान उघडलंच नाही. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती. "सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानुसार हे पान उपलब्ध नाही." तिला वाटलं फोन बिघडला. तिने बाबाचा फोन बघितला, सासूबाईंचा बघितला. पान कुठेच नव्हतं. बाळाचा अंगठा, भुवया, पहिलं कुशीवर वळणं, सगळं त्या एका ओळीखाली गाडलं गेलं होतं.

नळाला त्या दिवशी गडद पिवळं पाणी होतं.

तिने फोन लावायला सुरुवात केली. पण पन्नास आयांचे नंबर तिच्याकडे कुठे होते? त्या पानावर यायच्या, लिहायच्या, जायच्या. पलीकडच्या गल्लीत एक जुळ्यांची आई होती. तिला जुळ्यांपायी नळाकडे बघायची उसंत नसायची, ती फक्त पान बघायची. त्या सकाळी पान नव्हतं. काही लिहिलेलं नाही म्हणजे पाणी ठीक असेल, असं समजून तिने दोन बाटल्या भरल्या.

दुपारी दोन्ही बाळं दवाखान्यात होती.

बाळाची आई धावत तिथे गेली. जुळ्यांची आई दोघांच्या मधे स्टुलावर बसली होती, एक हात एकाच्या पोटावर, दुसरा दुसऱ्याच्या. ती रडत नव्हती. तिने नुसतं विचारलं, "आज लिहिलं का नाहीस गं?"

कुठल्याही खुलाशाच्या तक्त्यात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. जुळी दोनेक दिवसांनी हसायला लागली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्यांचं लक्ष लागायचं नाही. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. बाळाची आई दवाखान्यातून निघाली ती तडक सरकारी जिने चढून साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची तीन मजले चढून गेली होती.

"पान का बंद केलं?"

"आदेश आहे."

"दाखवा."

"गोपनीय आहे."

"माझंच पान, मलाच सांगायचं नाही?"

"तुम्हालाच तर सांगायचं नाही," साहेब म्हणाले. त्यांना हे अगदी स्वाभाविक वाटत होतं. "काल तक्रार आली होती. लोकांमध्ये घबराट पसरते, बाई. पाणी शुद्ध आहे असं संबंधित खात्याने प्रमाणपत्र दिलंय."

"दोन बाळं दवाखान्यात आहेत!"

"तसं लिहू नका हां," साहेब काळजीने म्हणाले. "त्याने तर फारच घबराट पसरेल."

घरी येऊन तिने बाळाला जवळ घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाळाच्या बाबाने पाणी आणून दिलं, मग त्या पाण्याकडे बघून पेला परत नेला. परत आला तो तिच्यापाशी खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बंद कर म्हणालो होतो ना मी. चुकलो." एवढं बोलायला त्याला जड गेलं असावं, कारण पुढे तो बराच वेळ बाळाचा मोजा काढत आणि घालत बसला.

पण खरा स्फोट झाला सासूबाईंचा. दवाखान्यातलं त्यांनी ऐकलंच होतं. आता त्यांनी सुनेला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे तक्रार आली होती?"

"हो, आई."

"आणि ती माझ्याकडे न येता परस्पर वर गेली?"

"हो."

"आणि तिच्यावर आदेशही निघाला? लगेच?" सासूबाईंनी चष्मा काढला. "मी उभ्या जन्मात कुणाची तक्रार इतक्या लवकर निकालात काढली नाही! लोकांचे फोन वर्ष वर्ष बंद असायचे, तेव्हा मी सांगायचे, सरकारी कामाला वेळ लागतो. आणि तोंड बंद करायला यांना एक रात्र पुरते?"

त्या उठल्या. दाराची पाटी काढतात की काय असं वाटलं. पण त्या न्हाणीघरात गेल्या. सकाळी त्यांनीच लंगोट धुतले होते. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. दोरीवर लंगोटांची ओळ होती. नवे, दुधासारखे पांढरे आणलेले लंगोट. एका धुण्यात हळदीत बुडवल्यासारखे पिवळे झाले होते.

बाळाची आई त्यांच्या मागोमाग गेली होती. दोघींनी त्या ओळीकडे बघितलं. मग एकमेकींकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तर पानच आहे."

सासूबाईंनी दोरी सोडली, लंगोट हातावर घेतले आणि घरातून सरळ चालत रस्त्याकडच्या गॅलरीत गेल्या. चारचौघांत लंगोट न दाखवणाऱ्या घराच्या त्या बाईने एकेक लंगोट झटकून, ताणून, चिमटे लावून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल असा वाळत घातला. शेवटचा चिमटा लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाळाला टोपी घाल. वारा आहे."

समोरच्या इमारतीतल्या एका आईने ते बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ती आत गेली आणि आपला लंगोट घेऊन आली. दुसऱ्या सकाळी गल्लीत दोन्ही बाजूंनी ओळी होत्या. ठरलं काहीच नव्हतं, तरी सगळं ठरलं होतं. सकाळी नळ आला की एक पांढरा कोरा लंगोट त्या पाण्यात बुडवायचा आणि रस्त्याकडे टांगायचा. पांढरा राहिला तर बाटल्या धुवा, पिवळा झाला तर धुऊ नका. ज्यांची बाळं मोठी झाली होती त्यांनी माळ्यावरून जुने लंगोट काढले. बातमीमावशींकडे लंगोट नव्हता, त्यांनी नवऱ्याचा बनियन लावला. वकीलकाकांनी खाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "ताबा सुटलेला नाही!" दवाखान्याच्या खिडकीतून जुळ्यांच्या आईला ती गल्ली दिसायची. तिने परिचारिकेला बोटाने दाखवलं, "आज पिवळं आहे."

साहेब आले ते ऐन दुपारी. सोबत पाणीखात्याचा, फाईल काखेत मारलेला माणूस होता. बाळ नुकतंच झोपलं होतं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी गॅलरीकडे हात केला.

"हळू बोला," सासूबाई म्हणाल्या. "झोपलंय."

साहेबांनी आवाज खाली आणला, पण कागद वर धरला. "ही विनापरवाना प्रसिद्धी आहे. बंद केलेला मजकूर दुसऱ्या मार्गाने पसरवणं हा गुन्हा आहे. उतरवा हे सगळं. आत्ताच्या आत्ता."

"लंगोट आहेत हो," बाळाची आई म्हणाली. "त्यात मजकूर कसला?"

"रंग दिसतो ना! सगळी गल्ली बघते!"

"कसला रंग?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी पाणीखात्याच्या माणसाकडे बघितलं. पाणीखात्याच्या माणसाने काखेतल्या फाईलकडे बघितलं. पाणी शुद्ध असल्याची सगळी प्रमाणपत्रं तिच्यात होती आणि त्या प्रत्येकावर त्याचीच सही होती.

"सांगा ना साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज आता हळू राहिला नव्हता, पण बाळ झोपेतून हललं नाही. त्याला आईचा हा आवाज गेले काही दिवस ओळखीचा झाला होता. "तुमच्या शुद्ध पाण्यात धुतलेत. लिहून द्या, कुठल्या रंगाचे आहेत. तुमच्या हाताने लिहून द्या, मी या क्षणाला उतरवते."

वरच्या गॅलरीत बातमीमावशी वाकून बसल्या होत्या. समोरच्या गॅलऱ्यांत आया बाळांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. पाणीखात्याच्या माणसाच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि नाकापर्यंत येऊन थांबला.

"पांढरे," तो शेवटी पुटपुटला. "पांढरेच आहेत."

"मग पांढऱ्या लंगोटाने घबराट कशी पसरते?"

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला. "ते काही असो. उतरवायचे म्हणजे उतरवायचे. तसा आदेश आहे."

सासूबाई जेवणाच्या टेबलामागे जाऊन बसल्या. चष्मा लावला. हात पुढे केला. साहेबांनी नकळत कागद त्यांच्या हातात दिला. कुणीही दिला असता. त्या हातात ते सामर्थ्यच होतं. सासूबाईंनी कागद उलटा केला. सुलटा केला.

"लंगोट ओले आहेत," त्या म्हणाल्या. "वाळले की काढू."

"कधी वाळतील?"

तेवढ्यात आतून बाळाचं रडणं आलं. बाळाची आई आत गेली आणि बाळाला खांद्यावर टाकून, हातात खळबळून आणलेला नवा लंगोट घेऊन बाहेर आली. सासूबाईंनी तो तिच्या हातून घेतला, साहेबांच्या बुटांपाशी पिळला आणि पिवळ्या ओळीच्या टोकाला नीट ताणून टांगला. मग चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही.

"उद्या या."